वसुलीकाका

वसुलीकाकांना लग्नाला बोलवायचं असेल तर कार्यालयाचं आवार आधी फिरून बघून यावं. पार्किंगच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली किंवा जनरेटरच्या मागे काँग्रेस गवत उगवलेलं असेल तर मंगलाष्टकांना काका मिळणार नाहीत. ते तिथे असतील, उजव्या हाताला रुमाल गुंडाळून, सिल्कच्या झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारून, एकेक रोप बुडाशी धरून ओढत. एका लग्नात तर ते ‘सावधान’ला धावत मांडवात आले ते हातात गवताची जुडी तशीच घेऊन. मुलाच्या मामांना वाटलं, मुलीकडच्यांची काही तरी पद्धत असेल. त्यांनी अदबीने दोन काड्या मागून घेतल्या आणि अक्षतांबरोबर नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकल्या. मग काकांनी रिसेप्शनच्या रांगेत उभं राहून नवरीच्या केसांतून त्या दोन्ही काड्या शोधून काढल्या. “फुलावर आलेल्या होत्या,” ते मला म्हणाले. “नव्या घरी जाताना मुलीने सोबत काय न्यावं याला काही सुमार आहे की नाही?”

त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही; त्या नावाने त्यांना आता फक्त गॅस एजन्सी ओळखते. एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात त्यांचं आयुष्य गेलं. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला खिशात घालून लोकांच्या दारात उभं राहायचं, हे काम त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की तालुक्यातले ट्रॅक्टर आपोआप उसात शिरायचे, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. मग निवृत्ती आली आणि वसूल करायला कोणी उरलं नाही. काकू सांगतात, “त्या वर्षी यांनी शेजारी दिलेली वाटीभर साखर परत मागून आणली हो. वाटीसकट.” अशा माणसाला कोणी तरी एका रविवारी सकाळी राम नदीवर श्रमदानाला नेलं आणि काकांना पुन्हा हुशारी आली. इथे थकबाकीदार दोन्ही काठांवर दाटीवाटीने उभे होते, पत्ता बदलून पळून जात नव्हते, आणि त्यांच्या वतीने एकाही संचालकाचा फोन येत नव्हता.

राम नदी म्हणजे काही गोदावरी नव्हे. भूगावजवळ खाटपेवाडीकडे उगम, मग बावधन, पाषाणचा तलाव, सोमेश्वरवाडी, आणि औंध-बाणेरच्या बाजूला मुळेत विसर्जन. सगळी मिळून वीस किलोमीटरही भरत नाही. निम्म्या पुण्याने तिला पुलावरून ओलांडताना नाला समजून नाक दाबलेलं असतं. पण नदी लहान असली तरी तिचा पाणलोट हिशेबाला पक्का. वरच्या टेकडीच्या उतारावर पडलेली बी पहिल्या पावसात ओढ्यात, ओढ्यातून तलावात आणि तलावातून खालच्या वस्तीच्या काठावर येते. काकांना हे पहिल्याच रविवारी कळलं. बाकीचे खाली नदीत जलपर्णी ओढत असताना ते एकटेच वर टेकडीकडे बघत उभे होते. “मुख्य शाखा वर आहे,” ते म्हणाले.

त्यांच्या गमबुटात एक लाल वही असते. खिशात भिजते म्हणून बुटात. तिच्यात प्रत्येक पट्ट्याचं खातं आहे. ‘पाषाण तलाव, सांडव्याखाली. आरंभीची शिल्लक: गच्च. वसुली: बावीस गोणी. शेरा: पार्टी पुन्हा उगवण्याची शक्यता.’ घाणेरीच्या एका विशिष्ट जाळीपुढे ‘सराईत’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. वेड्या बाभळीपुढे फक्त ‘वकील?’ एवढंच.

नव्या स्वयंसेवकाला खुरपं मिळण्याआधी तोंडी परीक्षा द्यावी लागते.

“हे काय?”

“गाजर गवत.”

“काँग्रेस, गाजर, चटक चांदणी, काहीही म्हणा. मास्क कुठाय? हातमोजे? अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून वसुलीला येतात का? अंगावर चकंदळं उठतील, दमा असेल तर उफाळेल. हे कधी उपटायचं?”

“दिसेल तेव्हा.”

“चूक. दोन पाऊस झाले की. जमीन मऊ, रोप कोवळं, फूल नाही. फूल आलं की मार्च एंडिंग गेलं समजा. एका झाडामागे पंधरा-वीस हजार बिया. मग बसा पुढची पाच वर्षं हेलपाटे घालत.”

एवढं झाल्यावर तरुण मुलगा हातमोजे चढवून पहिलं रोप उपटतो आणि ते मधेच तुटतं. मागून आवाज येतो, “मुळासकट!” हा आवाज इतका ठरलेला आहे की नदीवरचे खंड्येही त्यावर उडत नाहीत.

काकांशी वाद घालण्याची हिंमत ग्रुपमध्ये एकाच माणसात आहे, ते म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या कंबरेत दोष असल्यामुळे ते गवत उपटत नाहीत, छत्रीवर रेलून संदर्भ देतात. एकदा ते म्हणाले, “हे गवत आपल्याकडे पीएल ४८० च्या गव्हातून आलं.”

काकांनी खुरपं खाली ठेवलं. “सर, भारताचा पीएल ४८० चा करार १९५६ च्या ऑगस्टमधला. आणि या गवताची पुण्यातली नोंद १९५५ ची. कर्ज मंजूर व्हायच्या आधी हप्ता थकतो का?”

आम्ही सगळ्यांनी वाकलेल्या पाठी सरळ केल्या. असा मोका रोज येत नाही.

प्राध्यापक शांतपणे म्हणाले, “अमेरिकेचा गहू १९५१ मध्येही आला होता. तोही कर्जानेच.”

“कर्जाने?” काकांचा चेहरा एकदम उजळला. “मग तारण काय होतं?”

त्या दिवशी पुढचं गवत आम्हीच उपटलं. ते दोघे दगडावर बसून भारत सरकारच्या परतफेडीची चर्चा करत होते.

जलपर्णीबद्दल मात्र काकांना विनोद खपत नाही. ती त्यांची सगळ्यात मोठी थकबाकीदार. दक्षिण अमेरिकेतली ही बाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेची म्हणून बंगालात आली आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिथल्या भातखाचरांचा आणि नौकांचा जीव नकोसा करून बसली. उन्हाळ्यात, पोटभर सांडपाणी मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. दिसायला हिरवीगार, फूल फिकं जांभळं, आणि उचलायला गेलं की कळतं, आत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच आहे. दोरीला बांधलेलं दाताळं फेकायचं, गठ्ठा काठाला ओढायचा, घमेल्यात भरायचा आणि चढावर लांब नेऊन टाकायचा. हे शेवटचं कोणालाच आवडत नाही. काठावर ढीग केला की फोटो छान येतो. पण काठावरचा ढीग पहिल्या सरीला पुन्हा पाण्यात. त्यामुळे काका ढिगापुढे फोटो काढू देत नाहीत. “ही वसुली नाही, हा वादा आहे,” म्हणतात. “वाद्याचा फोटो काढतात का?”

जूनच्या अखेरीस नदीला पाणी येतं आणि एका रात्रीत सगळी जलपर्णी वाहून जाते. ग्रुपवर नमस्काराचे हात, नाचणारे फुगे, ‘निसर्गाने आपलं काम केलं’ वगैरे मजकूर सुरू होतो. काका अशा दिवशी कोणाचा फोन घेत नाहीत. राम नदीतून मुळेत, मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीच्या धरणात. “खातं बंद झालेलं नाही,” ते नंतर तुटकपणे सांगतात, “दुसऱ्या शाखेला वर्ग झालंय.” आणि एकदा, चहाच्या टपरीवर, आवाज खाली आणून ते म्हणाले, “खरं सांगू? मुद्दल सांडपाण्यात आहे. वरच्या सोसायट्यांची गटारं नदीत येणं थांबलं तर ही उपाशी मरेल. आपण नुसतं व्याज गोळा करतोय.” टपरीवाल्याने आमचे कप बादलीत विसळून ते पाणी शेजारच्या गटारात ओतलं. गटार कुठे जातं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

या जलपर्णीचं एक रोप काकांच्या स्वतःच्या गॅलरीत आहे, ही गोष्ट ग्रुपमध्ये फार थोड्यांना ठाऊक आहे. काकांच्या बुटाला चिकटून आलेला तुकडा काकूंनी सासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळात टाकला. त्याला सहा जांभळी फुलं आली. काकू रोज सकाळी त्यातलं एक देवाला वाहतात.

“बंगालमध्ये १९३६ साली कायदा झालाय,” काकांनी एकदा माझ्यासमोर त्यांना सुनावलं. “ही घरात लावणं गुन्हा आहे.”

“मग बंगालात राहायला जा,” काकू म्हणाल्या आणि मला विचारलं, “तुम्ही पोहे घेणार ना?”

लाल वहीत या घंगाळाचं खातं आहे की नाही, हे मी पाहिलेलं नाही. असावं, आणि बुडीत दाखवलेलं असावं.

घाणेरीच्या बाबतीत काकांना गुरू मिळाला तो दिल्लीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बागेसाठी कोलकात्याला आणलेली ही रंगीबेरंगी फुलांची झुडपी देशभरच्या जंगलात घुसली. तिला वरून कापलं की ती दुप्पट जोमाने फुटते. जाळलं तरी फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत काढली: मुख्य मूळ जमिनीच्या जरा खाली तोडायचं आणि अख्खं झुडूप उपडं करून, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. काकांनी हे वाचलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले असं काकू सांगतात. जप्तीची इतकी चोख पद्धत त्यांना बँकेतही मिळाली नव्हती. एका पावसाळ्यात त्यांनी आमच्याकडून बावधनच्या बाजूचा एक उतार पूर्ण साफ करून घेतला. एक फांदी ठेवली नाही. टिकाव, पहार, कुदळ, सगळं चाललं. संध्याकाळी तो उतार न्हाव्याकडून आल्यासारखा दिसत होता. काकांनी वहीत प्रथमच लिहिलं, ‘निल.’

पुढच्या जुलैत आम्ही गेलो तर त्या उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे काँग्रेस. कंबरभर.

“एक खातं बंद केलं,” काका बराच वेळाने म्हणाले, “त्याच पत्त्यावर दुसरं उघडलं.” ‘निल’वर त्यांनी काट मारली ती इतक्या जोरात की मागची तीन पानं फाटली.

यानंतर काकांनी जैविक मार्ग धरला. काँग्रेसच्या जागी टाकळा वाढवला की तो काँग्रेसला वर येऊ देत नाही, हे खरंच आहे. शेतीखात्याच्या पुस्तिकांतही ते सापडतं. काकांनी पायली-दोन पायली टाकळ्याचं बी जमवून त्या उतारावर विस्कटलं. पाऊस झाला, टाकळा तरारून आला, काका रोज बघायला जाऊ लागले. आणि एका सकाळी त्यांना तिथे एक मावशी दिसल्या. ओटीत कोवळा टाकळा खुडत होत्या.

“अहो मावशी! हे मुद्दाम लावलंय!”

“व्हय का?” मावशी म्हणाल्या. “लई ब्येस केलंत. यंदा रस्त्याकडंला कुठं घावलाच न्हाई.”

“अहो, हे काँग्रेस मारायला लावलंय.”

“मारंल की. शेंडा खुडला की आनिक फुटतो.” मावशींनी मूठभर पाला काकांच्या हातात दिला. “लसून घाला भरपूर. चण्याची डाळ असली तर बघायलाच नको.”

मावशींचं म्हणणं वनस्पतिशास्त्राला धरून होतं, त्यामुळे काकांना काही बोलता येईना. त्या दिवसापासून मावशी आणि काका यांच्यात एक अलिखित समझोता आहे. मावशी टाकळा खुडतात आणि जाता जाता चार काँग्रेस उपटतात. मुळासकट. काका म्हणतात, इतकी स्वच्छ परतफेड करणारी पार्टी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

मग भुंगे आले. मेक्सिकोतला एक पिवळट, तपकिरी पट्ट्यांचा छोटा भुंगा काँग्रेसची पानं खातो. त्याला १९८४ मध्ये बंगळुरात मोकळं सोडलं आणि तो हळूहळू देशभर पसरला. पावसाळ्यात भरपूर दिसतो, पाऊस सरला की जमिनीत जाऊन झोपतो. काकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला तो पाहिला, लोणच्याच्या बरणीत शे-दीडशे गोळा केले, झाकणाला भोकं पाडली आणि बरणी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय आहे?” काकांनी खरं ते सांगितलं: “आपली माणसं.” पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या. वास्तविक त्यांना बरंच पुढे जायचं असावं.

भुंग्यांनी काम चांगलं केलं, पण त्यांना शिस्त नव्हती. एका कोपऱ्यातली पानं चाळणी करायची आणि शेजारचा कोपरा तसाच सोडायचा. काका रोज सकाळी त्यांच्यासमोर उकिडवे बसून त्यांच्याकडे नुसते बघत. हे बघणं मला बँकेतल्या शिपायांनी वर्णन करून सांगितलेलं होतं.

दर काही महिन्यांनी एखादी कंपनी येते. शंभर-सव्वाशे मुलं-मुली, सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट, एक बॅनर, एक ड्रोन. मी त्यांची चेष्टा करणार नाही. रविवारची झोप मोडून येतात, आणि त्यांच्यातली दोन-तीन पुढेही येत राहतात. पण सप्टेंबरमध्ये टेकडीवर नारिंगी कॉसमॉस फुललेला असतो आणि टी-शर्टवाल्यांचा अर्धा तास त्यात उभं राहून फोटो काढण्यात जातो. तोही बाहेरचाच, बागेतून सुटून डोंगरभर झालेला. काका फोटोच्या चौकटीत मागून शिरतात आणि फोटो निघेपर्यंत मागची चार-सहा झाडं गायब करतात. कित्येकांच्या प्रोफाइलवर आजही मागे धूसर असे काका वाकलेले आहेत. अशाच एका कार्यक्रमात त्यांचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ आणि गुच्छ. गुच्छात गुलाबांच्या मधे भर म्हणून नाजूक पांढरी फुलं होती. काकांनी चष्मा वर केला, ती फुलं एकेक करून ओढून काढली, माइकवर विचारलं, “कोणाकडे प्लास्टिकची पिशवी आहे का?” आणि मगच आभार मानले.

सुबाभूळ हा त्यांचा दुखरा भाग आहे. सत्तरच्या दशकात चारा आणि सरपण म्हणून जिचं कौतुक झालं, ती आता काठाकाठाने रान करून उभी आहे. पण महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला परवानगी लागते, आणि सुबाभूळ कायद्याच्या नजरेत झाडच. “कर्जबुडवा,” काका म्हणतात, “आणि वर पोलीस संरक्षण.” त्यांनी अर्ज केला. अर्जाची नोटीस झाडाला चिकटवली गेली. ती वाचून आमच्याच नदीच्या दुसऱ्या एका ग्रुपने काकांच्या विरोधात ‘झाडं वाचवा’ असं निवेदन दिलं. त्या निवेदनावर काकूंची सही होती. नीट वाचलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

आता ब्रिस्बेनचं सांगायला हवं.

काकांचा मुलगा तिथे असतो. तीन महिने बोलावलं. काकांनी जाताना गमबूट घेतले. काकूंनी विचारलं, कशाला? काका म्हणाले, असू द्यावेत. दोनदा घासून धुतले, उन्हात वाळवले. विमानात एक कार्ड भरायला देतात: खाण्याचं काही आहे का, बिया आहेत का, माती लागलेले बूट आहेत का. काकांनी गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे लाडू, सगळ्यापुढे ‘होय’ लिहिलं. बुटांपुढे ‘नाही’. स्वतःच्या हाताने धुतले होते ना!

विमानतळावरच्या तपासनीस बाईंनी लाडू परत दिले, बूट ठेवून घेतले. तळवा उलटा केला. खाचेत एक बारीक आकडा घातला आणि हरभऱ्याएवढा चिखल काढून पांढऱ्या ताटलीत ठेवला. भिंग धरलं. चिखलात तीन काळ्या बिया होत्या. काकांना भिंगाची गरज नव्हती.

ही गोष्ट काका स्वतःच सांगतात आणि दरवेळी त्या बाईंची उंची दोन इंचांनी वाढते. त्यांनी बूट आतून-बाहेरून धुऊन आणून दिले आणि पुढच्या वेळी ‘होय’ लिहा एवढंच म्हणाल्या.

“दंड?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“का नाही?”

मुलगा बाहेर दोन तास थांबला होता. आत त्याचे वडील आपल्याला दंड व्हावा म्हणून भांडत होते.

त्या तीन बियांमागे एवढा बंदोबस्त का, ते त्यांना तिथेच कळलं. काँग्रेस गवताने क्वीन्सलँडची कुरणं नासवली आहेत. तिकडे गाड्यांची चाकं धुवायला रस्त्यावर खास जागा केलेल्या आहेत. घाणेरीही आहे. मुलाच्या घरामागच्या ओढ्यावर ती दिसताच काकांनी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. “इथेही आहे!” त्यांचा आवाज असा होता की काकूंना वाटलं, गावाकडचं कोणी भेटलं.

ओढ्यावर स्वयंसेवकांचा एक गट होता. यायच्या वेळी नोंदवहीत सही, जायच्या वेळी सही. इथेच काका त्यांचे झाले. चहाच्या वेळी त्यांना एक चित्रांचं पुस्तक दाखवलं, तिकडच्या नामचीन तणांचं. पानं उलटता उलटता काका थांबले. पिवळे गोंडे, पांढरे काटे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. आपली बाभूळ. मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून कधी काळी नेलेली, आता गवताळ माळांवर रान माजवून बसलेली, राष्ट्रीय पातळीवरची गुन्हेगार.

“हिचं दातवण करायचो आम्ही,” काका इंग्रजीत म्हणाले. काय म्हणायचंय ते कोणाला कळलं नाही. पण एका आजीबाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्याच आजीबाईंनी त्यांना ब्रॅडली भगिनींची पद्धत शिकवली. जोन आणि आयलीन या दोघी बहिणींनी साठच्या दशकात सिडनीच्या मॉसमन भागातल्या रानात रोज फिरता फिरता ती बसवली. सगळ्यात वाईट जागेवर तुटून पडायचं नाही. जिथे देशी झाडं अजून धडधाकट आहेत, तिथे सुरुवात करायची आणि तिथून वाईटाकडे सरकायचं. माती कमीत कमी उकरायची. देशी रोपं जितक्या वेगाने जागा भरतील, तितक्याच वेगाने पुढे जायचं, जास्त नाही.

काका त्या रात्री झोपले नाहीत. उभ्या नोकरीत त्यांनी सर्वांत मोठ्या थकबाकीदाराला सर्वांत आधी धरलं होतं. बावधनचा तो मोकळा उतार त्यांना डोळ्यांपुढे दिसत असणार. सकाळी मुलाला म्हणाले, “चांगली खाती आधी सांभाळायची. आमच्या चेअरमनला हे कोणी सांगितलं असतं तर बँक वाचली असती.”

परत आल्यावर काका बदलले आहेत. आम्ही आता घाणेरीच्या जाळीत घुसत नाही. टेकडीवर जिथे मेडशिंगी आहे, हिवर आहे, तिथे त्यांच्या बुडाशी बसून चार-चार रोपं काढतो, माती हाताने दाबतो आणि दुसऱ्या झाडाकडे सरकतो. काम इतकं सावकाश चालतं की कंपनीवाल्यांच्या ड्रोनला काहीच दिसत नाही; वरून आम्ही सहलीला आलेले ज्येष्ठ नागरिक वाटतो. काकांचा ‘मुळासकट!’ गेला. त्याच्या जागी ‘सावकाश!’ आला आहे. मात्र ओरडण्याची पट्टी तीच.

आणि आल्या-गेल्या वाटेवर एक पांढरी ताटली, एक बादली, दोन जुने टूथब्रश आणि काकूंचा क्रोशाचा आकडा असतो. येताना एकदा, जाताना एकदा. त्यातून कोणाची सुटका नाही. ऑगस्टमध्ये, १६ ते २२ तारखांच्या गाजर गवत जागृती सप्ताहात, एक मोठे पाहुणे आले. पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज, मागे तीन माणसं, हार तयार. काकांनी त्यांना वाटेतच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसून त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. पाहुण्यांना वाटलं, पाद्यपूजा. त्यांनी हात जोडले. फोटोग्राफर पुढे सरसावला. काकांनी आकडा खाचेत घातला, टकटक करून ताटलीत काही तरी पाडलं आणि चष्मा वर केला.

“कुठून आलात?”

“हडपसर,” पाहुणे म्हणाले.

काकांनी बुटातून लाल वही काढली, नवं पान उघडलं, वर पाहुण्यांचं नाव लिहिलं, त्याखाली तारीख टाकली आणि हात पुढे केला.

“उजवा द्या.”